टर्नअबाउट इन्ट्रूडर: कर्कच्या अंगात जॅनिस, जॅनिसच्या अंगात कर्क

तिरफळ (धागाकर्ती)

स्टार ट्रेकची ओरिजिनल सिरीज पहिल्यापासून परत बघायला घेतली होती, ती एकदाची संपली. शेवटचा एपिसोड टर्नअबाउट इन्ट्रूडर, म्हणजे तिसऱ्या सीझनचा २४ वा आणि एकूणातला ७९ वा. 'सगळ्यात भंगार एपिसोड' अशा ज्या याद्या निघतात त्यात हा हमखास असतो. का असतो ते कळतं, पण माझं म्हणणं असं की लोक शिव्या घालतात त्या भलत्याच गोष्टीला. म्हणून हा धागा. लांबलंय, सांभाळून घ्या. स्पॉयलर आहेत, पण १९६९ सालच्या एपिसोडला कसला आलाय स्पॉयलर.

गोष्ट अशी. कॅमस २ नावाच्या ग्रहावर एका नामशेष झालेल्या संस्कृतीचे अवशेष शोधायला एक टीम गेलीये, तिकडून मदतीचा संदेश येतो म्हणून कॅप्टन कर्कचं अंतराळयान एन्टरप्राइज तिथे जातं. टीममधले धड असे दोघंच, डॉ. जॅनिस लेस्टर आणि डॉ. कोलमन, बाकीचे रेडिएशनने गेलेत नाहीतर जायच्या वाटेवर आहेत. जॅनिस ही कर्कची जुनी मैत्रीण, स्टारफ्लीटमधे (म्हणजे त्यांच्या अंतराळदलात) एक वर्ष दोघं बरोबर होते. ती आजारी असल्याचं सोंग करून पडलेली. कर्कचा सहाय्यक स्पॉक, जहाजाचा डॉक्टर मॅकॉय आणि कोलमन बाकीच्यांना शोधायला जातात, कर्क एकटा तिच्यापाशी थांबतो, जरा इकडे तिकडे बघत भिंतीतल्या त्या जुन्या यंत्राजवळ जातो आणि बाई बटण दाबते. कर्क भिंतीला चिकटतो, ती शेजारी जाऊन उभी राहते, दोघांचे जीव इकडचे तिकडे. मग कर्कच्या शरीरातली जॅनिस काय करते तर तिथेच स्कार्फने स्वतःच्याच जुन्या शरीराचा गळा आवळायला जाते, तेवढ्यात बाकीचे परत येतात म्हणून खरा कर्क वाचतो. पुढे जहाजावर ती कॅप्टन, आणि खरा कर्क सिकबेमधे, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यात, 'भ्रमिष्ट बाई' म्हणून पडलेला. स्पॉक त्याची बाजू घेतो तर त्याच्यावर बंडाचा खटला.

लोक हसतात ते कर्क झालेल्या शॅटनरला. हसा, मीही हसले. पण माझं भांडण पहिल्या पाच मिनिटांशी आहे. जॅनिस म्हणते, तुझ्या स्टारशिप कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही, हा अन्याय आहे. आणि कर्क म्हणतो, हो, अन्यायच आहे. इतकं सरळ! १९६९ च्या अमेरिकन टीव्हीवर सिरीजचा हीरो हे कबूल करतो. आणि मग लेखक काय करतात, तर ही तक्रार करणारी बाई खुनी, वेडी, किंचाळणारी, खुर्ची मिळाल्याबरोबर मृत्युदंड ठोठावणारी अशी दाखवतात. तक्रार खरी पण करणारीच वेडी निघाली, चला, विषय मिटला, आता उत्तर द्यायची गरज नाही. कोर्टाच्या सीनमधे तर खरा कर्क सांगतो की हिला स्वतःच्या बाईपणाचाच इतका द्वेष होता की हिच्याबरोबर राहणं अशक्य झालं. अरे पण सुरुवातीला तूच म्हणालास ना अन्याय आहे म्हणून? मग तो द्वेष आभाळातून पडला का?

आणि आता खरी गंमत. हाच एपिसोड स्वतःच्या नकळत स्वतःलाच खोटं पाडतो, आणि ते करते जॅनिस झालेली सँड्रा स्मिथ. तो कोर्टाचा सीन फक्त तिच्याकडे बघत परत बघा. शॅटनर टेबलाच्या पलीकडून आवाज चढवतोय, आणि ही शांत. प्रश्न पूर्ण ऐकून घेते, मग उत्तर देते, नजर हलत नाही, एकही शब्द जास्तीचा नाही. काही वेळाने आपल्यालाच ही कॅप्टन वाटायला लागते, शरीरबिरीर विसरून. म्हणजे बाई हे पद पेलू शकत नाही असं सांगायला निघालेल्या एपिसोडमधे, त्या खोलीत कॅप्टन म्हणून शोभणारी व्यक्ती एकच आहे आणि ती बाई दिसते. आणि जहाजावरचा सगळ्यात शहाणा अधिकारी, स्पॉक, तिच्या बाजूने उभा आहे.

बोला आता.

कट्ट्यावरचा क्लिंगॉन

पयला!

वाचतो निवांत. पण नखं घासणारा कर्क आठवून आधीच हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

खडूस पेन्शनर

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं तेव्हापासूनचा प्रेक्षक आहे मी, त्यामुळे शॅटनरबद्दल वाकडं ऐकून घेणार नाही हे आधीच सांगतो. मुळात तो जॅनिस करतोच आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं तो 'कर्क करायचा प्रयत्न करणारी जॅनिस' करतोय. दोन पदर आहेत. पहिल्यांदा ब्रिजवर (जहाजाच्या नियंत्रण कक्षात) येते तेव्हा खुर्चीत बसून हात फिरवते बघा, आयुष्यभर हवं होतं ते मिळालेल्या माणसाचा चेहरा आहे तो. तिथे ओव्हरॲक्टिंग कुठाय? भडक होतो तो नंतर, जेव्हा तिचं सोंग फाटायला लागतं. आणि फाटल्यावर भडक होणारच की.

आणि जहाजाचा इंजिनियर स्कॉटी, त्याचा तो डायलॉग विसरलात होय. कॉरिडॉरमधे तो मॅकॉयला सांगतो की मी कॅप्टनला तापात फणफणलेला पाहिलाय, आजारी पाहिलाय, दारू प्यालेला, बरळताना, घाबरलेला, आनंदाने उड्या मारणारा, रागाने लाल झालेला, सगळा पाहिलाय, पण असा हिस्टेरिया होऊन तांबडाबुंद झालेला कधी पाहिला नाही. स्कॉटी झालेल्या जेम्स डूहनने काय म्हटलाय तो. सगळ्या एपिसोडमधला सर्वात माणसासारखा पुरावा तोच आहे. मशीन नाही, टेस्ट नाही, वर्षानुवर्षं बरोबर काम केलेला माणूस सांगतोय की हा तो नव्हे.

मध्यमवर्गीय रोम्युलन

धागा आवडला, पण मूळ वाक्याचा अर्थ तुम्ही एकच धरलाय. 'तुझ्या स्टारशिप कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही' हे ती कुठल्या संदर्भात म्हणते? तिच्या आधीचं वाक्य काय, तर स्टारफ्लीटमधलं ते एक वर्ष हेच माझं खरं जगणं होतं. आणि त्याच्या पुढे म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम होतं, आपण दोघं ताऱ्यांमधे भटकलो असतो. कर्क म्हणतो, आपण एकमेकांचा जीव घेतला असता. हे सगळं ब्रेकअपचं बोलणं आहे हो! कॅप्टनचं लग्न जहाजाशी लागलेलं असतं, तिथे बायकोला जागा नसते, एवढाच अर्थ. स्टारफ्लीटमधे बायका कॅप्टन होऊ शकत नाहीत असा नियम या एका वाक्यावरून काढणं म्हणजे कै च्या कै.

शिवाय पुढच्या सिरीजनी हे निकालात काढलंय. 'एन्टरप्राइज' सिरीजमधे एरिका हर्नांडेझ कोलंबिया जहाजाची कॅप्टन आहे, तीही कर्कच्या शंभर वर्षं आधी. 'डिस्कव्हरी'त जॉर्जिऊ कॅप्टन आहे, कर्कच्या दहाएक वर्षं आधी. मग जॅनिसला जागा मिळाली नाही ती तिच्या स्वभावामुळे, बाई म्हणून नाही. हिशोब संपला.

तिरफळ

@रोम्युलन, २००४ आणि २०१७ साली लिहिलेल्या गोष्टी १९६९ च्या लेखकाच्या बचावाला आणताय तुम्ही. त्या सिरीजवाल्यांनी खड्डा बुजवला, मान्य, पण बुजवावा लागला म्हणजे खड्डा होता ना? १९६९ चा प्रेक्षक टीव्हीसमोर बसलाय, त्याने ७९ एपिसोडमधे एक तरी बाई स्टारफ्लीटची कॅप्टन पाहिली का? एकच कमांडर बाई आठवते ती 'द एन्टरप्राइज इन्सिडेंट' मधली, आणि ती तुमच्याकडची, रोम्युलन! शत्रूकडे बाई कमांडर चालते, आपल्याकडे नाही. आणि तिलाही शेवटी स्पॉकच्या प्रेमातच पाडलं.

आणि तुमचं ब्रेकअपचं म्हणणं घेतलं तरी 'मी तुला तुझं काम करण्यापासून कधी अडवलं नाही' हे कर्कचं वाक्य मधे येतं त्याचं काय करता? जॅनिसचं वाक्य या वाक्याला उत्तर आहे. विषय कामाचाच चाललाय.

मध्यमवर्गीय रोम्युलन

ते वाक्य परत ऐकून येतो. पण शंभर टक्के पटलेलं नाही.

वकील नसलेला वकील

सगळे स्त्री-पुरुष करत बसलेत, मला त्या कोर्ट मार्शलवर बोलू द्या, कारण इतकं भोंगळ कोर्ट मी कुठल्याच सिरीजमधे पाहिलेलं नाही.

एक तर फिर्यादी कोण? कॅप्टन. न्यायाधीश कोण? कॅप्टन. साक्षीदार म्हणून बोलणार कोण? तोही कॅप्टन. ज्याच्या ओळखीवरच वाद आहे तोच अध्यक्षस्थानी बसलाय! कार्यवाही मधेच थांबवतो, स्कॉटी आणि मॅकॉय बाहेर कॉरिडॉरमधे जाऊन बोलतात की मतदान स्पॉकच्या बाजूने करायचं आणि हा ऐकणार नाही तर जहाज ताब्यात घ्यायचं, आणि आत आल्यावर कॅप्टन त्यांच्या खाजगी बोलण्याची रेकॉर्डिंग वाजवून दाखवतो आणि त्यांनाही बंडखोरीत गोवतो. न्यायमंडळातले दोन सदस्य चालू खटल्यात आरोपी झाले. सगळ्यांना मृत्युदंड. बरं तो मृत्युदंड कुठल्या कलमाखाली? ब्रिजवरचे अधिकारी सुलू आणि चेकॉव्ह म्हणतात की मृत्युदंडाला बंदी आहे, अपवाद एकच, जनरल ऑर्डर फोर, आणि ती इथे कुणी मोडलेली नाही. आता 'द मिनॅजरी' आठवा, १९६६ चा. त्यात टॅलोस ४ ग्रहावर जायला बंदी घालणारी जनरल ऑर्डर सेव्हन होती आणि मृत्युदंड तेवढा एकच शिल्लक राहिलाय असं ठणकावून सांगितलं होतं. सात नंबरची चार नंबर कधी झाली? तिसऱ्या सीझनपर्यंत जुनी स्क्रिप्ट कुणी उघडून बघत नव्हतं असं दिसतंय.

पण पुराव्याचा जो भाग आहे ना, तो मात्र मस्त लिहिलाय. जॅनिसच्या शरीरातला कर्क स्पॉकला पटवायला काय सांगतो? थोलियन प्रकरणात मी अडकलो होतो तेव्हा तू जीव आणि जहाज धोक्यात घालून मला परत आणलंस, आणि मिनाराला व्हियन लोक बोन्सचा (म्हणजे मॅकॉयचा) जीव मागत होते तेव्हा आपण तो दिला नाही. म्हणजे 'थोलियन वेब' आणि 'द एम्पथ' हे आधीचे एपिसोड. कुठलाही माणूस इथेच गळ्यात पडला असता. स्पॉक म्हणतो, या गोष्टी नोंदीत असतील, दुसऱ्या कुणालाही कळू शकतात. एकदम बरोबर! हल्ली फोनवर कुणी आईचं माहेरचं नाव विचारून आपली ओळख पटवून घेतो त्यातला पोकळपणा स्पॉकला तेव्हा कळला होता. मग तो माइंड मेल्ड करतो, म्हणजे हात लावून समोरच्याच्या मनात शिरतो, आणि त्याला खात्री पटते. पण त्याची खात्री कोर्टात चालत नाही, कारण ती त्याच्या डोक्यात आहे, टेबलावर ठेवता येत नाही. उलट मॅकॉयची ती रॉबियानी टेस्ट टेबलावर ठेवता येते, आणि ती चुकीचं सांगते! शरीर कर्कचंच म्हणून टेस्ट म्हणते सगळं ठीक, कमांड घेतली तेव्हा होता तसाच आहे. ज्याला पुरावा म्हणतात ते सगळं जॅनिसच्या बाजूने आणि खरं ते कर्कच्या बाजूने. हे ज्याने लिहिलं त्याला दंडवत.

कट्ट्यावरचा क्लिंगॉन

आर्थर सिंगर. कथा सिरीजचा जनक रॉडनबेरीची, पटकथा सिंगरची, दिग्दर्शन हर्ब वॉलरस्टाइनचं.

म्हणजे भविष्यातल्या समानतेचं स्वप्न दाखवणारा माणूस म्हणून ज्याच्या नावाने जयजयकार होतो, त्याचीच कथा. करा भांडण.

खडूस पेन्शनर

रॉडनबेरी तिसऱ्या सीझनला नावालाच होता हो. एनबीसी नेटवर्कने शुक्रवारी रात्री दहाचा स्लॉट दिला, जेव्हा सिरीज बघणारी तरुण पोरं घराबाहेर असतात, तेव्हाच तो बाजूला झाला आणि निर्माता म्हणून फ्रेड फ्रायबर्गरकडे सगळं गेलं. बजेट कापलेलं.

तिरफळ

नावाला होता तर कथेवर नाव कसं? बजेट कापलं की सेट साधे होतात काका, बाई वेडी होत नाही.

आणि रॉडनबेरीचाच विषय निघालाय तर पहिला पायलट (नेटवर्कला दाखवायचा नमुना एपिसोड) 'द केज' आठवा. त्यात नंबर वन ही बाई होती, जहाजावर दोन नंबरच्या पदावर, शांत, हुशार, कप्तान गायब झाल्यावर कमांड घेणारी. १९६५ मधे नेटवर्कने पायलट परत पाठवला आणि नंबर वन गेली. आणि चार वर्षांनी त्याच माणसाच्या कथेत कमांड मागणारी बाई म्हणजे जॅनिस.

कट्ट्यावरचा क्लिंगॉन

'नेटवर्कला बाई नको होती' ही रॉडनबेरीची बाजू झाली. सोलो आणि जस्टमन, दोघंही आत काम केलेले, त्यांच्या पुस्तकात म्हणतात की नेटवर्कला बाई असण्याला हरकत नव्हती, त्या भूमिकेत मॅजेल बॅरेट असण्याला होती, कारण ती रॉडनबेरीची मैत्रीण. तीच पुढे केस रंगवून नर्स चॅपल झाली आणि तिचं लग्नही त्याच्याशी झालं. या एपिसोडमधेही आहे ती, फक्त केस या वेळी काळसर.

लाँगशॉट

वाक्याचा अर्थ काय यावर वर बरंच झालं. मला वाटतं दोघंही बरोबर असू शकता, कारण १९६० च्या दशकात खरोखरच असंच होतं. नियमात 'बाई नको' असं लिहिलेलं नसायचं.

१९६२ च्या जुलैमधे अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे यावरच सुनावणी झाली होती. जेरी कॉब नावाची वैमानिक, अंतराळवीरांना द्यायच्या त्याच वैद्यकीय चाचण्या पास झालेली, ती साक्ष द्यायला आली. नासाचं म्हणणं काय, तर आम्ही बायकांना नाही म्हणत नाही, आम्हाला फक्त जेट टेस्ट पायलट हवेत. आणि जेट टेस्ट पायलट व्हायचं तर लष्करात विमान उडवायला हवं, आणि लष्कर बायकांना ती विमानं देत नव्हतं. झालं. कागदावर कुणी कुणाला अडवलेलं नाही. जॉन ग्लेननेही तिथे साक्ष दिली आणि बायका या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजरचनेची वस्तुस्थिती आहे अशा अर्थाचं बोलला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मधे, रशियाची तेरेश्कोवा वर जाऊन आली.

आता कर्कचं 'मी तुला कधी अडवलं नाही' परत वाचा. तो खोटं बोलत नाहीये. त्याने नाही अडवलं. ग्लेननेही नव्हतं अडवलं.

एपिसोड लागला ३ जून १९६९ ला आणि दीड महिन्यात, २० जुलैला, अपोलो ११ चंद्रावर उतरलं. त्या काळात जॅनिससारखं बोलणाऱ्या खऱ्या बायका होत्या, पेपरात येत होत्या, आणि त्या कुणाचा गळा आवळत नव्हत्या, समितीपुढे अर्ज करत होत्या.

तिरफळ

@लाँगशॉट +१००००. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं.

झणझणीत तर्री

मले तं हा एपिसोड लय आवडला राजेहो. आपल्याकडे परकाया प्रवेश कधीचा चालू आहे, त्यात नवीन काय. नवनाथ भक्तिसार घ्या. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मेलेल्या देहात शिरतात, स्वतःचं शरीर राखायला ठेवून, आणि राजा म्हणून राज्य करतात. राणी रेवतीला सुगावा लागतो की हा आपला नवरा नाही, कुणीतरी जोगी आहे. मग ती काय करते? नवऱ्याला सोडत नाही, ते ठेवलेलं शरीरच शोधून काढते आणि त्याचे तुकडे करवते. म्हणजे परत जायचा रस्ताच बंद!

आता इकडे कोलमन जॅनिसला काय सांगतो शेवटी? अदलाबदल टिकत नाहीये, टिकवायची असेल तर जॅनिस लेस्टरचं शरीर मेलं पाहिजे. डिट्टो रेवती. फरक इतकाच की इथे ते शरीर बाईचं स्वतःचं आहे, आणि ती ते मारायला दोनदा जाते, एकदा स्कार्फ घेऊन आणि एकदा कोलमनला इंजेक्शन देऊन पाठवते.

वकील नसलेला वकील

तर्रीभाऊ, भारी. पण एक फरक मोठा आहे. नाथांच्या गोष्टीत राजा आधीच मेलेला, देह रिकामा, कुणाला बाहेर काढलेलं नाही. इथे दोन जिवंत माणसं आहेत आणि एकाला हुसकावून दुसरा बसलाय, म्हणून तर खटला उभा राहतो. स्पॉकचा आरोप तोच आहे ना, तुम्ही त्याचं शरीर निर्दयपणे बळकावलंय, त्यात जो जीव आहे तो कॅप्टन कर्कचा नाही. एका अर्थी अतिक्रमणाचा दावा आहे हा.

झणझणीत तर्री

मग एवढी वर्षं झाली तरी निकाल लागला नसता.

आरशातला मी

या प्रकारच्या एपिसोडचे मला दोन कारखाने दिसतात. एक म्हणजे हा, शरीर तेच दिसतं आणि नटाने दुसऱ्याचा जीव वठवायचा. दुसरा म्हणजे 'क्वांटम लीप', तिथे आपल्याला कायम स्कॉट बाकुलाच दिसतो, लोकांना मात्र दुसरं कुणीतरी दिसतं आणि आरशात आपल्याला कळतं की तो आत्ता कोण आहे. 'एक्स फाइल्स'चा १९९८ चा ड्रीमलँड पण त्याच प्रकारचा, मल्डर आपल्याला मल्डरच दिसतो आणि घरच्यांना मॉरिस फ्लेचर, आरशापुढचा तो नाच बघाच. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षक सुखात असतो, आवडता नट समोर असतोच. पहिल्या प्रकारात नटाचा कस लागतो. 'फारस्केप'ने २००० साली तर सगळ्या जहाजाचीच भेळ केली, कोण कुणात आहे याचा पत्ता नाही, आणि एकेकाने दुसऱ्याच्या लकबी काय उचलल्यात!

आणि 'द प्रिझनर'चा १९६७ चा एपिसोड तर निव्वळ नाइलाजातून आलेला. हीरो पॅट्रिक मॅकगूहन सिनेमाच्या शूटिंगला गेला होता, मग हीरोचा जीव दुसऱ्याच्या शरीरात घाला, निगेल स्टॉकला उभा करा, झाला एपिसोड. डेट्स नाहीत म्हणून आत्मा बदलला.

स्टार ट्रेककडे परत येतो. शॅटनर आणि सँड्रा स्मिथ यांची तुलना करताना एक लक्षात घ्या, तिचं काम तुलनेने सोपं होतं. कर्क कसा बोलतो हे आपल्याला ७८ एपिसोड पाहून पाठ आहे, तिने दोन लकबी उचलल्या तरी आपण ओळखतो. शॅटनरला जी जॅनिस करायची होती ती आपण पाहिलीये किती वेळ? सुरुवातीची चार मिनिटं, तीही आजारी पडल्याचं सोंग करत झोपलेली. त्याने नक्कल करायची कुणाची? मग तो काय करतो, तर बाई म्हटल्यावर जे ठोकळेबाज डोक्यात येतं ते करतो, नखं, नखरे, रडकुंडी. दोष अर्धा स्क्रिप्टचा आहे.

खडूस पेन्शनर

हे पटलं. माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा चांगला बचाव केलात त्याचा.

एडिसनची आजी

मी न्यू जर्सीत, सत्तरच्या दशकात इथे आले तेव्हा रोज संध्याकाळी स्टार ट्रेक पुनःप्रक्षेपणात लागायचं. तुम्ही सगळे याला 'शेवटचा एपिसोड' म्हणून बघताय, आमच्यासाठी हा शेवटचा वगैरे काही नव्हताच. आज हा लागला की उद्या परत पहिल्यापासून सुरू. निरोप नाही, समारोप नाही. त्यामुळे त्याच्यावर 'सिरीजचा शेवट असा?' हे ओझं आमच्या डोक्यात कधी आलंच नाही, आमच्या लेखी तो मधलाच एक विचित्र एपिसोड. तुम्ही क्रमाने बघून वर्षाअखेरचा निकाल लावायला बसलात म्हणून तो जास्त टोचतो.

पण कर्कचं अगदी शेवटचं वाक्य मला तेव्हाही खटकायचं. तिचं आयुष्य कुठल्याही बाईइतकं समृद्ध होऊ शकलं असतं, जर... जर. कुठल्याही बाईइतकं म्हणजे काय रे बाबा? तिला कॅप्टनइतकं हवं होतं.

तिरफळ

आजी, साष्टांग _/\_

कट्ट्यावरचा क्लिंगॉन

रच्याकने, तारखेचं पण ऐका. हा मुळात २८ मार्च १९६९ च्या शुक्रवारी लागणार होता. त्याच दिवशी माजी अध्यक्ष आयझेनहॉवर वारले, एनबीसीने बातम्या लावल्या आणि एपिसोड लोंबकळला तो ३ जूनपर्यंत, तोही मंगळवारी. आधीचा 'ऑल अवर यस्टरडेज' १४ मार्चला झालेला. म्हणजे अडीच महिने गॅप, वार बदललेला, सिरीज रद्द झालेली. शेवट म्हणून तो तेव्हाही कुणी धड पाहिला नसेल.

लाँगशॉट

आणखी एक, जहाजाची संपर्क अधिकारी उहुरा नाहीये या एपिसोडमधे. उहुरा करणाऱ्या निशेल निकोल्सचे गाण्याचे कार्यक्रम ठरलेले होते म्हणून तिच्या जागी लेफ्टनंट लिसा बसवली, बार्बरा बाल्डाव्हिन, जी आधी 'बॅलन्स ऑफ टेरर' मधे अँजेला म्हणून होती. मला हे फार खटकतं. बाईला जहाज चालवता येईल का या विषयावरचा एपिसोड आणि ब्रिजवरची मुख्य बाई गैरहजर. ती असती तर लेखकाला तिच्या तोंडी काहीतरी घालावं लागलं असतं ना?

आणि तीच निकोल्स १९७७ पासून नासासाठी बायका आणि अल्पसंख्याक उमेदवार मिळवायला देशभर फिरली. १९७८ च्या तुकडीत सॅली राइड होती, ती १९८३ ला अंतराळात गेली. आता हे बघा, जानेवारी १९९५ मधे स्टार ट्रेकची 'व्हॉयेजर' सिरीज सुरू झाली, कॅप्टन जेनवे ही बाई. फेब्रुवारी १९९५ मधे आयलीन कॉलिन्सने पायलट म्हणून शटल उडवलं, आणि १९९९ मधे कमांडर झाली. टीव्ही आणि नासा अगदी बरोबरीने पोचले.

मध्यमवर्गीय रोम्युलन

'व्हॉयेजर'च्या आधी सिनेमात एक आहे. १९८६ च्या चौथ्या सिनेमात साराटोगा जहाजाची कॅप्टन बाई आहे, मॅज सिंक्लेअर. पडद्यावर थोडाच वेळ, पात्राला नावसुद्धा दिलेलं नाही.

आणि हो, ते वाक्य परत ऐकलं. कर्कच्या 'अडवलं नाही' ला उत्तर म्हणूनच येतं ते. पण जॅनिस दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलते, प्रेम आणि काम, आणि लेखकालाही बहुतेक त्या वेगळ्या काढायच्या नव्हत्या. माझं मत अजून तळ्यात मळ्यात.

खडूस पेन्शनर

कुणी सुलू आणि चेकॉव्हबद्दल बोललंच नाही. ब्रिजवर दोघं कुजबुजतात, सुलू म्हणतो कॅप्टनचं डोकं फिरलंय, मृत्युदंड पचेल असं वाटतंय त्याला, आणि चेकॉव्ह फाडकन म्हणतो, कॅप्टन? हा कॅप्टनच नाहीये. मग कॅप्टन कोर्स सांगतो आणि दोघंही पॅनलवरचे हात काढून घेतात. बंड म्हणजे एवढंच, हात बाजूला. आरडाओरडा नाही, पिस्तूल नाही. बाकी एपिसोड जाऊ दे, त्या दोघांसाठी मी तो ठेवतो.

वकील नसलेला वकील

कायद्याच्या भाषेत शांततापूर्ण असहकार. मृत्युदंडास पात्र नाही.

आरशातला मी

अवांतर: 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मधे २०२२ चा 'स्पॉक अमॉक' बघा कुणी पाहिला नसेल तर. स्पॉक आणि त्याची होणारी बायको टप्रिंग यांची अदलाबदल होते, आणि टप्रिंगला स्पॉकच्या शरीरात जाऊन त्याच्या नोकरीची बैठक निभवावी लागते. तोच साचा, पण इथे दोघांनाही दुसऱ्याचं काम किती अवघड आहे ते कळतं. हसवतो पण.

तिरफळ

पाहिलाय, मस्त आहे. ईथन पेक आणि जिया संधू दोघंही एकमेकांची नक्कल मान वळवण्यापासून करतात.

बरं, आता पुढे काय बघू? ॲनिमेटेड सिरीज घ्यावी की सरळ सिनेमांवर जाऊ?

कट्ट्यावरचा क्लिंगॉन

ॲनिमेटेड घे. १९७३ चा 'लोरेलाय सिग्नल' आधी बघ, क्रम गेला उडत. सगळे पुरुष अधिकारी एका ग्रहावरच्या बायकांमुळे भ्रमिष्ट होतात आणि भराभर म्हातारे व्हायला लागतात, मग उहुरा कमांड हातात घेते, चॅपलला डॉक्टर करते आणि बायकांची तुकडी घेऊन खाली उतरते. लेखिका मार्गारेट आर्मेन. कुणी कुणाचं शरीर घेत नाही, खुर्ची मात्र मिळते.

एडिसनची आजी

आणि सगळ्यांना वाचवते पण. बघ आणि धागा काढ, मी येते.